एका ओळीत गेलेले अध्यक्ष

माझ्या हातून एक माणूस गेला, हे आधीच कबूल करून टाकतो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रविवारी सकाळी साडेनऊला, चार लहान मुलांच्या देखत. हत्यार म्हणाल तर एक ओळ. चौतीस वर्षं कन्हानच्या शाळेत गणित शिकवलं, तेव्हा मुलांच्या अंगाला कधी पट्टी लावली नाही. आणि निवृत्तीनंतर थेट हे.

त्याचं असं झालं. आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. चार जुने कॉम्प्युटर आहेत. त्यातल्या एकाला सुरू व्हायला चहा होईल एवढा वेळ लागतो आणि दुसऱ्याला जेवण होईल एवढा. भाषेचं नाव पायथन. पायथन म्हणजे अजगर, हे कळल्यावर माझी बायको यमुना, म्हणजे कॉलनीची यमुताई, म्हणाली, "पोट्ट्यायच्या हाती अजगर देऊन राहिले तुम्ही? शेळी-बकरीच्या नावाची भाषा नाही काय एखादी?" मी तिला समजावलं, की हा अजगर चावत नाही. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

अडचण अशी, की त्याच हॉलमध्ये रविवारी सकाळी अध्यक्षसाहेबांच्या मंडळींना पत्ते खेळायचे असतात. अध्यक्ष म्हणजे आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. अठरा वर्षं तेच आहेत. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले, पण हुद्दा काही निवृत्त झाला नाही. जानेवारीच्या पहिल्याच रविवारी ते दारात उभे राहून म्हणाले, "गुरुजी, दोन वर्षं झाले. पोट्टे आत बसून काय करून राहिले ते कोणाले समजत नाही. काही कामाचं करून दाखवा. नाही तं पुढच्या महिन्यापासून हॉल खाली करा."

"कामाचं म्हणजे?"

"कॉलनीले चाळीस वर्षं पूर्ण होऊन राहिले. गेटवर फ्लेक्स लावायचा आहे, प्लॉटधारकायच्या यादीचा. जुनी यादी कॉम्प्युटरमधी आहे. ते नीट करा. चूक नको."

"एवढंच?"

"हाव. एवढंच."

'एवढंच' या शब्दापासून माणसानं सावध राहावं, हे मी मुलांना आयुष्यभर सांगत आलो.

यादी एकशे सव्वीस प्लॉटांची. आमच्याकडे रिवाज असा, की ज्याच्या नावावर पहिल्यांदा प्लॉट पडला, त्याचं नाव यादीतून कधी निघत नाही. माणूस गेला की नाव तिथंच राहतं, फक्त त्याच्यापुढे 'कै.' लागतं. आमच्या बौद्ध घरांत 'कालकथित' लावतात. बावीस नंबरचा प्लॉट माझ्या वडिलांच्या नावावर आहे, तिथं 'कालकथित देवाजी मेश्राम' असं लिहिलेलं आहे. तर गेल्या पाच वर्षांत यादीत बदल करायचा होता तो एकच. चौदा नंबरचे रुपराव ढोबळे दिवाळीनंतर गेले. फार भला माणूस. सकाळी फिरायला निघाले, की सगळ्यांच्या फाटकातली फुलं तोडायचे आणि सगळ्यांना एकेक वाटत यायचे. त्यांच्या नावापुढे 'कै.' लावायचं, संपलं.

हाताने केलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण हाताने केलं तर मुलं काय शिकणार? दोन मिनिटांचं काम दोन आठवडे यंत्राकडून करून घ्यायचं, यालाच शिक्षण म्हणतात.

मी फळ्यावर लिहून दाखवलं. मजकुरातला एखादा तुकडा बदलायचा, तर 'रिप्लेस' असा हुकूम सोडायचा. त्याला दोन गोष्टी सांगायच्या, काय शोधायचं आणि त्याच्या जागी काय ठेवायचं. प्रशिकनं टाइप केलं, रोशनीनं तपासलं, आयुषनं एंटर मारला, आणि यादी उघडली तर रुपराव ढोबळे होते तसेच होते, ठणठणीत.

पुन्हा केलं. पुन्हा ठणठणीत. सात वेळा आम्ही त्या माणसाला निरोप दिला आणि सातही वेळा ते जागचे हलले नाहीत.

एव्हाना खिडकीत सल्लागार जमले होते. आमचे शेजारी सुशील, बँकेत आहेत म्हणून कॉम्प्युटरवर त्यांचा शब्द शेवटचा मानतात, ते म्हणाले, "गुरुजी, बंद करून चालू करा. आमच्या बँकेत तेच करतात." बंद करून चालू केला. हा जेवण होईल एवढा वेळ लागणारा कॉम्प्युटर होता, त्यामुळे मंडळी जेवून परत आली. मग कुणी म्हणालं व्होल्टेज कमी आहे. कुणी म्हणालं मराठीत लिहिलं म्हणून त्याला समजत नसेल. पत्त्यांच्या मंडळीतल्या एकानं तर मनापासून विचारलं, "आत्मा अडकला असंन काय गा?"

मिनल नावाची दहा वर्षांची मुलगी माझ्या वर्गात आहे. फार बोलत नाही. बोलते तेव्हा पेन्सिलीचं टोक दातांत असतं, त्यामुळे अर्धंच ऐकू येतं. ती म्हणाली, "आबाजी, तो जुनी यादी बदलवतच नाही. नवीन करून देते. आपण ते नवीन धरलीच नाही."

तिचं बरोबर होतं. हा हुकूम मूळ मजकुराला बोटसुद्धा लावत नाही. बदल केलेली एक नवी प्रत तयार करून आपल्या हातावर ठेवतो. आपण हात पुढे केला नाही, तर ती तिथंच सांडते. म्हणजे किराणा दुकानात जायचं, साखर मागायची, दुकानदारानं पुडा बांधला की रिकाम्या हातानं घरी यायचं, आणि डबा उघडून म्हणायचं, साखर का नाही? असं मी सात वेळा केलं होतं. मी मुलांना म्हणालो, "पाहिलंत, मुद्दामच करून दाखवलं." मुलं चांगली आहेत. त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

पुढच्या रविवारी दुसरी भानगड. रुपराव ढोबळ्यांचं नाव यादीत तीन जागी होतं आणि तीनही जागी वेगवेगळ्या तऱ्हेनं. एका ठिकाणी 'रुपराव महादेव ढोबळे', दुसऱ्या ठिकाणी 'ढोबळे रुपराव म.', आणि संस्थापकांच्या रांगेत नुसतंच 'रुपराव'. मी म्हटलं, तीन वेळा कशाला शोधा? 'रुपराव' एवढंच शोधू आणि जिथं सापडेल तिथं 'कै. रुपराव' करून टाकू.

मिनलनं पेन्सिल तोंडातून काढली. "आबाजी, अख्खं नाव नको काय द्यायले?"

"का बेटा?"

"दुसरे रुपराव असले तं?"

मी हसलो. ते हसू आठवलं, की मला आजही आंघोळ करावीशी वाटते. मी म्हणालो, "अगं, आपल्या कॉलनीत रुपराव एकच होते. मी चाळीस वर्षं इथं राहतो."

आणि मीच एंटर मारला.

आता वाचकहो, आमच्या अध्यक्षांचं नाव काय, असं तुम्ही मला तेव्हा विचारलं असतं, तर मी म्हणालो असतो, अध्यक्षसाहेब. अठरा वर्षांत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती, आणि त्याआधी ते नुसते 'राऊतसाहेब' होते. त्यांच्या घराच्या पाटीवर 'अध्यक्ष' आहे. त्यांच्या स्कूटरवर 'अध्यक्ष' आहे. दूधवाला 'अध्यक्षसाहेब, दूध' असं ओरडतो. या माणसाला जन्मल्यावर बाराव्या दिवशी पाळण्यात घालून 'रुपराव' असं नाव ठेवलं होतं, आणि कागदोपत्री ते 'रुपराव राऊत' आहेत, ही गोष्ट कॉलनीत फक्त यादीला माहीत होती.

तरीही चूक सापडली असती, कारण मी जुना मास्तर आहे, तपासल्याशिवाय कागद पुढे सोडत नाही. तपासायला खुद्द अध्यक्षांच्या सौभाग्यवती आल्या, रुखमाबाई. कॉलनीतला माणूस न् माणूस त्यांना पाठ. त्यांनी छापील यादी मोठ्यानं वाचायची आणि मी जुन्या रजिस्टरवर खुणा करायच्या, असं ठरलं.

"प्लॉट नंबर एक," रुखमाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. पदर सावरला. "आमचे हे."

मी खूण केली. अध्यक्षांच्या नावात काय तपासायचं? मी रजिस्टरची ती ओळ पाहिलीसुद्धा नाही.

"प्लॉट नंबर दोन, गुलाबराव ठवरे. प्लॉट नंबर तीन, कै. नत्थुजी कडू..."

शेवटी पदाधिकाऱ्यांची रांग आली. "अध्यक्ष... आमचे हे." पुन्हा खूण.

रुखमाबाईंनी लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. आणि त्या मला नंतर म्हणाल्या तेही खोटं नाही. "त्या ओळीवर मी नजरच टाकत नाही ना गुरुजी. नजर पडली का नाव तोंडात येते." म्हणजे एकशे सव्वीस नावांतल्या ज्या एका नावाला तपासण्याची गरज होती, तेवढं एक नाव दोन शहाण्या माणसांनी डोळे मिटून पुढे जाऊ दिलं. एकानं मानापोटी आणि दुसरीनं लाजेपोटी.

फ्लेक्स धरमपेठेकडच्या एका दुकानात टाकला. तिथला मुलगा फार उत्साही. फोनवर म्हणाला, "सर, पदाधिकाऱ्यायचे फोटो पाठवा, वर मोठे टाकतो. अन् ज्यायच्या नावापुढं कै. आहे, त्यायले आमच्याकडून हार फ्री आहे." मी म्हटलं, वा. आजकाल असा विचार करणारी तरुण पिढी कुठं आहे?

फ्लेक्स गुरुवारी सकाळी सातला गेटवर चढला. बारा फूट लांब. मी फिरायला गेलो होतो, परत येताना लांबूनच पाहिला आणि छाती भरून आली. जवळ आलो तेव्हा भरलेली छाती तिथंच अडकली.

सगळ्यांत वर, मधोमध, माणसाच्या उंचीएवढा अध्यक्षांचा फोटो. कडक इस्त्रीचा सफारी, ओठांवर नेहमीचं ते हॉल खाली करा म्हणतानाचं स्मित. फोटोला झेंडूचा जाडजूड हार, खाली समई, आणि जिलेबीसारख्या अक्षरांत: अध्यक्ष, कै. रुपराव राऊत.

खुद्द अध्यक्ष त्या दिवशी पहाटेच काटोलला गेले होते, रविवारच्या कार्यक्रमासाठी संत्री आणायला. हे फक्त रुखमाबाईंना माहीत होतं. बाकीच्यांना एवढंच माहीत, की रोज साडेसहाला गेटवर उभे राहून वॉचमनला झापणारा माणूस आज दिसत नाही आणि त्याच्या जागी समई दिसते आहे.

मी धावतच राऊतांकडे गेलो, पण माझ्या आधी बारा बायका पोचल्या होत्या, म्हणून फाटकापाशीच थांबलो. रुखमाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बायका एकेक करून त्यांच्याभोवती बसल्या. कुणी काही बोलेना. रुखमाबाईंना वाटलं शेंगा सोलायला आल्या, म्हणून त्यांनी प्रत्येकीपुढे मूठ मूठ टाकली. अर्धा तास सगळ्या मान खाली घालून शेंगा सोलत होत्या. पाटी भरली. शेवटी अंजनाबाई ढोबळे, म्हणजे खरंच गेलेल्या रुपरावांच्या पत्नी, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रुखमा, रडून घे वं. मनात ठेवू नको."

"काहून रडू? तुरीचे दाणे किडके निघाले काय?"

"अध्यक्षसाहेब गेले ना..."

"हाव, गेले ना. काटोलले गेले."

"वर गेले ना वं!"

रुखमाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "आत्ता बसमधून फोन आला होता त्यायचा. चष्मा घरी राह्यला म्हणून माह्यावर दहा मिनिटं खेकसले. वर गेलेला माणूस चष्मा मागते काय?" मग त्यांनी सोललेल्या दाण्यांची भरलेली पाटी पाहिली आणि म्हणाल्या, "पण बरं झालं, तुम्ही आल्या ते."

दुपारी अध्यक्ष आले. संत्र्यांच्या चार पेट्या घेऊन ऑटोतून गेटवर उतरले आणि वॉचमननं त्यांना पाहून हातातला चहा सांडला. त्यांनी आधी वॉचमनला झापलं, मग मान वर करून फ्लेक्स पाहिला. बराच वेळ पाहिला. चष्मा नव्हता, त्यामुळे हार कळला पण अक्षरं कळली नाहीत. ऑटोवाल्यानं वाचून दाखवली.

"गुरुजी!"

मी वॉचमनच्या खोलीमागे उभा होतो, लपलो नव्हतो. बाहेर आलो.

"मले काहून मारलं गा?"

"साहेब, चूक झाली. त्याचं असं आहे, की मजकुरातला तुकडा बदलताना..."

"मी तुकडा आहे काय?"

तांत्रिकदृष्ट्या ते तुकडाच होते, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

फ्लेक्स उतरवला. पण तोवर फोटो सगळीकडे गेला होता, आणि कुण्या सहृदय सहकाऱ्यानं तो त्यांच्या पेन्शनच्या कचेरीत पोचवला होता. शुक्रवारी सकाळी तिथून फोन आला. मीच घेऊन गेलो त्यांना, मीच मारलं होतं म्हणून. खिडकीमागच्या बाबूंनी अध्यक्षांना पाहिलं, मोबाइलवरच्या फोटोला पाहिलं.

"हे जिवंत आहेत," मी म्हणालो.

"ते दिसून राहिलं मले. पण मृत्यूची खबर लागली आहे ना. खबर कोणी दिली?"

"फ्लेक्सनं."

"फ्लेक्स यायचा नातेवाईक आहे काय?"

"नाही."

"मंग तं कठीण आहे. नातेवाइकानं खबर दिली असती, तं रद्द करायले त्या नातेवाइकाचा अर्ज घेतला असता. फ्लेक्सची खबर रद्द करायचा आमच्याकडे फॉर्मच नाही." बाबूंनी विचार केला. वाईट माणूस नव्हता. "असं करा. फ्लेक्सनं मारलं, तं फ्लेक्सनंच जिवंत करा. नवीन फ्लेक्स लावा अन् सोमवारी त्याचा फोटो आणून द्या. हार नको त्याच्यात. मी फाइलले लावून टाकतो."

आम्ही ऑटोनं परत आलो. गेटवर उतरताना अध्यक्ष म्हणाले, "रविवारी सकाळी हॉलमधी येतो. मी स्वतः करीन. तुमच्या हातावर आता भरोसा नाही. अन् कार्यक्रम झाला, का संध्याकाळी हॉलच्या किल्ल्या द्या."

माझं सोडा. पण मुलांना काय सांगायचं? प्रशिक आणि रोशनी शनिवारी घरी येऊन विचारून गेली, की वर्ग आता कुठं भरणार. यमुनानं त्यांना लाडू दिले आणि मला दिला नाही.

रविवारी सकाळी अध्यक्ष आले. मुलांच्या प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे छातीला लागले. मला म्हणाले, "तुम्ही भाईर बसा." मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. चौतीस वर्षं मुलांना वर्गाबाहेर काढण्याचा विचार जरी मनात आला, तरी मी तो गिळत असे. किती योग्य करत होतो, ते त्या दिवशी कळलं. पायरी फार थंड होती.

आतून मिनलचा आवाज येत होता. "इथं लिहा. आधी काय शोधायचं ते... कै., मग जागा सोडा, मग तुमचं अख्खं नाव."

टक्... टक्... एका बोटाने अध्यक्ष टाइप करत होते. 'कै.' लिहायला चार मिनिटं लागली.

"झालं."

"आजोबा, नाव राह्यलं ना. अख्खं नाव लिहा."

"काहून? कै. काढायचं आहे ना? कै. लिहिलं. त्याच्या जागी काही नको. बस."

"पण आजोबा..."

"मोठ्या माणसाले मधात टोकत नसते. जा, गुरुजीपाशी बस."

मिनल बाहेर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली. आम्ही दोघं वर्गाबाहेर काढलेले विद्यार्थी.

"आबाजी, नुसतं कै. लिहिलं त्यांनी. आता सगळ्यायचंच निघते."

"सगळ्यांचं म्हणजे?"

तिनं बोटं मोजली. "सतरा जणांचं."

इथं मला एक गोष्ट लपवायची नाही. मी उठून आत जाऊ शकलो असतो. पण पायरी थंड होती, दोन दिवस बोलणी खाऊन पोट भरलं होतं, आणि मनात एक खोडकर मुलगा जागा झाला होता. तो म्हणाला, बस की. छापायच्या आधी दाखवतीलच. तेव्हा सांग.

अध्यक्षांनी दाखवलं नाही. त्यांचा कुणावरच भरोसा राहिला नव्हता. त्यांनी आयुषकडून यादी आपल्या मोबाइलवर घेतली आणि तिथल्या तिथं फ्लेक्सवाल्याला पाठवून दिली. वर फोनवर दम दिला, "हार टाकशील तं पाह्यजो." मी आत धावलो. "साहेब, एकदा नजर टाकू का?" ते म्हणाले, "तुम्ही तं टाकूच नका."

संध्याकाळी पाचला हॉलसमोरच्या मैदानात सगळी कॉलनी जमली. फ्लेक्स पडद्याखाली झाकलेला. पेट्यांतून संत्री मांडलेली. आमच्या वर्धापनदिनाचा रिवाज असा, की अध्यक्ष प्लॉट नंबर आणि नाव पुकारतात, त्या घरातलं माणूस 'हजर' म्हणतं आणि पुढे येऊन संत्री घेऊन जातं. जे गेलेत, त्यांचं नाव 'कै.' किंवा 'कालकथित' लावून वाचतात, आणि हजर न म्हणता गुपचूप पुढे यायचं.

पडदा उघडला. अध्यक्षांचा फोटो बिनहाराचा, ठणठणीत. टाळ्या. अध्यक्षांनी माइक घेतला. या वेळी कागदावर विश्वास नाही म्हणून थेट फ्लेक्सवरूनच वाचायला लागले. स्वतःचा एक नंबर सोडून दोनपासून.

"प्लॉट दोन, गुलाबराव ठवरे."

"हजर!"

"प्लॉट तीन, नत्थुजी कडू."

कुणी बोलेना. नत्थुजी अध्यक्षांच्याच खात्यातले, नऊ वर्षांपूर्वी गेले. अध्यक्षांनी सवयीनं पुन्हा पुकारलं, "नत्थुजी कडू आहेत काय?" आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी फ्लेक्सवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. सतरा जण. एकालाही कै. नाही. कॉलनीची चाळीस वर्षांची मेहनत वाया गेली होती, एक माणूस मेलेला नव्हता.

"गुरुजी!" माइकमधून.

मी उभा राहिलो. "साहेब, ही ओळ तुमची आहे."

कोण हसलं ते सांगता येणार नाही, कारण सगळेच हसले. अध्यक्षांच्या कपाळावर जानेवारीत घाम आला. ते म्हणाले, "चूक झाली. माफ करा. मी... हा उतरवतो, दुसरा..."

तेवढ्यात अंजनाबाई ढोबळे उठल्या. हळूहळू चालत फ्लेक्सपाशी गेल्या. चौदा नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. रुपराव महादेव ढोबळे. पुढे काही नाही. दिवाळीपासून त्या बाईनं ते नाव असं मोकळं कुठे पाहिलं नव्हतं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "प्रोग्रामले त्यायलेबी येऊ द्या. वाचा तुम्ही."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "प्लॉट चौदा. रुपराव ढोबळे."

"हजर," अंजनाबाई म्हणाल्या, आणि संत्री घेऊन जागेवर गेल्या.

मग नत्थुजींची सून न पुकारताच उठली. "तीन नंबर राह्यला ना. हजर!" त्यानंतर कुणी थांबेना. एकेक गेलेला माणूस हजेरी लावून संत्री घेऊन जायला लागला. दोन-तीन जण तर आधीपेक्षा मोठ्यानं हजर होते.

"प्लॉट बावीस. कालकथित देवाजी मेश्राम."

आमच्या बापाला काही फरक पडला नव्हता. अध्यक्षांनी 'कै.' शोधलं होतं, 'कालकथित' नाही. यमुनानं कोपर मारलं. "सगळे उठले, आपलेच मामाजी तेवढे झोपून राहिले काय?" मी उभा राहिलो. जन्मभर हजेरी घेतली, देण्याची सवय गेलेली. "हजर" म्हणालो तेव्हा आवाज जरा चिरकला. मिनल मागून म्हणाली, "आबाजी, मोठ्यानं."

एकशे सव्वीसपर्यंत नावं झाली. अध्यक्षांनी घाम पुसला. "झालं."

"झालं काहून?" बायकांच्या खुर्च्यांमधून रुखमाबाई उठल्या. "एक नंबर राह्यला ना!"

"आपलं नाव आपणच कसं पुकारायचं?"

"मंग मी पुकारतो." त्यांनी पदर सावरला. या वेळी नजर त्या ओळीवरच होती. "प्लॉट नंबर एक. रुपराव राऊत." मग त्या मैदानाकडे वळल्या. "हजर आहेत. चांगले हजर आहेत, सकाळपासून माहं डोकं खाऊन राहिले."

माइक तोंडाजवळ आहे, हे अध्यक्ष विसरले. हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "अजून एकडाव म्हण ना वं."

त्यानंतर पाच मिनिटं कार्यक्रम थांबला, कारण कुणी कुणाचं ऐकण्याच्या स्थितीत नव्हतं. मी शिट्ट्या वाजवणाऱ्या मुलांना दटावलं नाही. मी खिशातून हॉलच्या किल्ल्या काढून पुढे गेलो. अध्यक्षांनी किल्ल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ठेवा," ते म्हणाले. "रविवारी सकाळी हॉल पोट्ट्यायचा. पत्ते लिंबाखाली खेळू. पण एक अट आहे. यापुढे तुम्ही अन् मी, दोघायनंबी, मिनलले विचारल्याबिगर एंटर मारायचा नाही."

मिनलनं पेन्सिल तोंडातून काढून मान हलवली. तिला अट मान्य होती.

सोमवारी आम्ही दोघं नव्या फ्लेक्सचा फोटो घेऊन पेन्शनच्या कचेरीत गेलो. बाबूंनी फोटो मोठा करून पाहिला. हार नाही, समई नाही. "हे बरं झालं. झाले तुम्ही जिवंत." त्यांनी शिक्का उचलला, आणि मग त्यांची नजर जरा खाली घसरली.

"थांबा. हे नत्थुजी कडू, प्लॉट तीन. हे तं आमच्याच खात्यातले. यायचं पेन्शन आम्ही नऊ वर्षांमागं बंद केलं." त्यांनी शिक्का खाली ठेवला आणि चिंतेनं आमच्याकडे पाहिलं. "फार मोठी चूक झाली आमच्या हातून. यायले घेऊन या ना उद्या, हयातीच्या दाखल्यावर सही लागन."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्षांकडे पाहिलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "मिनलची शाळा किती वाजता सुटते?"